प्रिंटर सर्वांचा, परवलीचा शब्द एकाचा

(द्वितीय वर्ष, कला)

आजचे युग हे यंत्रयुग आहे, असे वाक्य निबंधात लिहून आपण सर्वांनीच कधी ना कधी गुण मिळवलेले आहेत. परंतु यंत्र समोर उभे आहे, त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे, पोटात कागद भरलेला आहे आणि तरीही ते आपले ऐकत नाही, अशा वेळी काय करावे हे कोणत्याही निबंधात आलेले नाही. ग्रंथालयात गेल्या वर्षी बसविलेल्या नेटवर्क प्रिंटरविषयी मी लिहीत आहे. विषय क्षुल्लक आहे असे काहींना वाटेल. कलाशाखेच्या वार्षिकात ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ शोभते, प्रिंटर कसला! पण वर्गातील निम्म्या मुलांच्या लॅपटॉपवर हा प्रिंटर बसतच नव्हता, आणि ‘बसत नाही, बाहेरून काढून आणा’ एवढेच उत्तर मिळत होते. हे उत्तर मला मान्य नाही.

बाहेरून म्हणजे बाजारातून. तिथे पानाला पाच रुपये पडतात. चाळीस पानांचा प्रकल्प म्हणजे दोनशे रुपये. आमच्या घरी दोनशे रुपये म्हणजे आईची भातलावणीतील जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत, रहिवासाचा दाखला, बँकेला द्यावयाची कागदपत्रे यांचा हिशेब वेगळाच. कागदाविना कारभार होणार असे आपण फार वर्षे ऐकत आलो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता पंधरा रुपये भरून घरबसल्या मिळतो, ही सोय खरोखर चांगली आहे. पण तो काढून पुढे गेलो की समोरचा माणूस म्हणतो, ‘प्रिंट आणा.’ म्हणजे शेवटी गाडी येऊन थांबते ती प्रिंटरपाशीच.

आता हा प्रिंटर लॅपटॉपवर बसत का नाही, ते पाहू. मी विज्ञानशाखेचा नाही. जे समजले ते विचारून, वाचून आणि करून पाहून समजले. आणि एकदा समजल्यावर त्यात गूढ असे फारसे काही उरत नाही.

नेटवर्क प्रिंटर म्हणजे एका संगणकाला वायरने न बांधलेला, सर्वांसाठी मोकळा असलेला प्रिंटर. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो. वस्तीतील घरक्रमांकच म्हणा ना! उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. हा क्रमांक कायमचा नसतो. लोणावळ्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ती परत आली की राउटर कित्येकदा क्रमांक नव्याने वाटतो, आणि काल पंचवीस नंबरच्या घरात असलेला प्रिंटर आज एकतीसमध्ये राहायला जातो. लॅपटॉप बिचारा जुन्याच दारावर थाप मारीत बसतो आणि शेवटी आपल्याला कळवतो की प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे. प्रिंटर जागच्या जागी असतो. हरवलेला असतो तो पत्ता.

हा पत्ता प्रिंटर स्वतःच सांगतो. त्याच्या मेनूतून त्याच्याच माहितीचे एक पान छापता येते, त्यावर क्रमांक असतो. तो क्रमांक लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकून पाहावा. प्रिंटरचे पान उघडले, तर रस्ता मोकळा आहे आणि दोष बहुधा लॅपटॉपच्या आतला आहे. उघडले नाही, तर आधी रस्ताच तपासावा लागतो. ड्रायव्हर दहा वेळा काढून दहा वेळा बसविला तरी उपयोग नाही. माझ्या मते साऱ्या प्रकरणातील ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती करायला दोन मिनिटे लागतात. आपल्याकडे मात्र पहिला उपाय म्हणजे लॅपटॉप बंद करून चालू करणे, दुसरा उपाय म्हणजे पुन्हा तेच करणे, आणि तिसरा म्हणजे नशिबाला दोष देणे!

ग्रंथालयातील काकांच्या मदतीने आम्ही ते पान छापले. क्रमांक मिळाला, पण ब्राउझरमध्ये काहीच उघडेना. कारण साधे निघाले. विद्यार्थ्यांचे वायफाय वेगळे होते आणि प्रिंटर जोडलेला होता कार्यालयाच्या जाळ्याला. दोन जाळी वेगळी ठेवलेली होती. ती ठेवायलाच हवीत, कारण कार्यालयाच्या संगणकांवर गुणपत्रके असतात, परीक्षेची कामे असतात. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु विद्यार्थ्यांसाठी घेतलेला प्रिंटर विद्यार्थ्यांच्या जाळ्यात नाही, ही गोष्ट वर्षभर कोणाच्या ध्यानात येऊ नये? संगणकाचे काम पाहणारे गृहस्थ आठवड्यातून दोनदा येतात. राउटरचा परवलीचा शब्द त्यांच्याकडेच असतो. त्यांना नेमके काय हवे ते सांगितल्यावर त्यांनी काम दहा मिनिटांत केले. तोवर सर्वांनी त्यांना ‘प्रिंटर चालत नाही’ एवढेच सांगितले होते, आणि ते येऊन पाहत तेव्हा कार्यालयाच्या संगणकावरून तो उत्तम चालत असे.

यानंतरचा अडथळा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी. मॉडेलच्या नावातील एक अक्षर चुकले, किंवा लॅपटॉपच्या प्रोसेसरला न जुळणारा ड्रायव्हर उतरवला, तरी हा दुभाषी कामाला लागत नाही. आणि तो बसवायला पुष्कळदा लॅपटॉपच्या मालकाचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा, परवलीचा शब्द लागतो. माझ्या एका मित्राने जुना लॅपटॉप हप्त्याने घेतला आहे. त्याचे पैसे तो भरतो, पण यंत्राच्या लेखी मालक अजून आधीचाच! प्रयोगशाळेतील संगणकांवरही हाच प्रश्न येतो.

ही अट निष्कारण आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. जून २०२१ च्या अखेरीस विंडोजमधील छपाईची रांग सांभाळणाऱ्या ‘प्रिंट स्पूलर’ या भागातील एक मोठी फट जगजाहीर झाली. तिला ‘प्रिंटनाइटमेअर’ असे नाव पडले. स्पूलरला संगणकात सर्वाधिकार असतात. त्यामुळे प्रिंटरच्या ड्रायव्हरचे सोंग घेऊन कोणीही आत शिरू शकत होता. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती दिली, ती साधारण पाठिंबा संपलेल्या विंडोज ७ लाही दिली, आणि ऑगस्टपासून असे ड्रायव्हर बसविण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी आवश्यक केली. जगभरच्या कचेऱ्यांत त्या महिन्यांत छपाईचे घोळ झाले. तेव्हा कुलूप असण्याला माझा विरोध नाही. किल्ली एकाच्याच खिशात असावी आणि तो मंगळवारी व शुक्रवारीच यावा, याला विरोध आहे.

गंमत अशी की याच सुमारास एका मैत्रिणीने आपल्या मोबाइलवरून त्याच प्रिंटरवर पान काढून दाखविले. तिने काहीही बसविलेले नव्हते! याचे कारण असे की नव्या प्रिंटरांना एक समाईक भाषा येते. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले ते याच वाटेने; पुढे इतरांनीही ही वाट धरली. यात प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा दुभाषी लागत नाही. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की कंपन्यांच्या वेगवेगळ्या ड्रायव्हरांचा आधार क्रमाक्रमाने काढून घेतला जाईल. म्हणजे आज ज्यासाठी आपण डोके धरून बसतो, ते दुखणे काही वर्षांनी आपोआप कमी होईल. पण आपल्या परीक्षा या वर्षी आहेत.

प्रिंटर ऐकत नाही म्हणून माणूस कुठवर जातो, याची एक गोष्ट वाचनात आली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल, अशी सोय त्याने प्रणालीत करून ठेवली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याची आज्ञावली मात्र कंपनीने दिली नाही. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती होती. त्यानेही ‘कोणाला देणार नाही असे वचन दिले आहे’ म्हणून नकार दिला. ज्या अनुभवांतून १९८३ मध्ये स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यांत हा एक होता. आणि आपल्या गणपत कृष्णाजींना तर विचारणार तरी कोणाला? मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्यांनी स्वतःचे शिळायंत्र उभे केले, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग छापले. ते ना पंडित होते ना इंजिनिअर. मराठी छपाईचा इतिहास आपण पाठ्यपुस्तकात वाचतो तो सनावळीसाठी. त्यातला हा माणूस हातांनी शिकला, ही गोष्ट प्रश्नपत्रिकेत येत नाही.

कर्जतहून घाट चढताना गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. ज्यांच्या घरात कोणी शिकलेले आहे त्यांना तशी इंजिने मिळतात. दादा असतो, मामा असतो, फोन केला की सांगतो. माझ्या घरात संगणकाला हात लावणारा मी पहिलाच. असे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. ते विचारीत नाहीत, कारण विचारले तर आपले अज्ञान दिसेल असे त्यांना वाटते. ते मुकाट्याने बाजारात जाऊन पाच रुपये देतात.

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि कार्यालयाला माझी विनंती अशी. राउटरमध्ये या प्रिंटरचा क्रमांक राखून ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी तो बदलणार नाही. तो क्रमांक, मॉडेलचे पूर्ण नाव आणि जोडणीची कृती मराठीत लिहून भिंतीवर लावावी. संगणकावरचे संदेश इंग्रजीत येतात आणि ते वाचूनच निम्मी मुले मागे फिरतात. प्रत्येक वर्गातील दोन विद्यार्थ्यांना हे काम शिकवावे. रांगेच्या तोंडाशी एक बिघडलेली फाइल अडकली की मागची सर्वांची पाने अडतात. ती काढून टाकण्यापुरते तरी अधिकार त्यांच्याकडे द्यावेत. विद्यार्थी कागद उधळतील अशी शंका एका सरांनी बोलून दाखविली. ती खोटी नाही. पण त्यावर प्रत्येकाला महिन्याला ठरावीक पाने देता येतील, जास्तीची पाने पैसे घेऊन देता येतील. कुलूप लावणे हा त्यावरचा सर्वांत सोपा आणि सर्वांत आळशी उपाय आहे.

आणखी एक गोष्ट, ती फक्त आपल्या मावळाची. जूनपासून इथल्या हवेत जो ओलावा असतो तो कागदही पितो, आणि ओलसर कागद लेझर प्रिंटरच्या उष्णतेत वळून आत अडकतो. तेव्हा गठ्ठे उघडून खिडकीपाशी ठेवण्याऐवजी लागेल तेवढाच कागद काढावा, बाकीचा वेष्टनासकट कपाटात ठेवावा. हे कपाट ग्रंथालयात आहे. सध्या त्यात २०१४ पासूनच्या हजेरीवह्या आहेत.