डोंगर आड येत नाही, डिश फक्त फिरवायचीय!

परवा पवन मावळात आत्याकडे गेलो होतो. दोन महिने टीव्ही बंद. दर महिन्याचा रिचार्ज परवडेना म्हणून तिने सोडून दिला, डिश मात्र घरावर तशीच उभी. फुकटचे चॅनल लावून मिळतील का म्हणून तिने एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "इथं डोंगर आड येतो, नवीन मोठी डिश लागेल." आत्याला ते पटलं. कारण डोंगर तर समोर दिसतोच आहे!

मंडळी, हे साफ चूक आहे. दूरदर्शनची डीडी फ्री डिश 2004 पासून सुरू आहे. मासिक भाडं शून्य. तिचे चॅनल जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात, तो 93.5 अंश पूर्वेला आहे. आपल्या मावळ-लोणावळ्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ 58 अंश वर येतो. म्हणजे पार डोक्याकडे. लोहगड काय नि तिकोना काय, इतका उंच कुणीच आड येत नाही. आड येतं ते दारातलं आंब्याचं झाड, नाहीतर शेजारची नवी इमारत.

जुनी डिश बहुतेक वेळा चालते, पुढची एलएनबीसुद्धा. फक्त ती दुसऱ्या उपग्रहाकडे बघत असते. टाटा प्लेची डिश 83 अंशावरच्या उपग्रहाकडे असते. तिच्यामागे उभं राहून ती डावीकडे साधारण 20 अंश आणि खाली 7 अंश आणायची. मग बॉक्सवर सिग्नलची पट्टी बघत केसाकेसाने हलवायची, पट्टी भरली की नट आवळायचे. कंपनीचा जुना बॉक्स चालत नाही, फ्री डिशचा वेगळा घ्यावा लागतो. घेताना एमपेग-4 च घ्या, जुन्या एमपेग-2 वर सगळे चॅनल दिसत नाहीत. आत्याकडे दुपारी तासाभरात सह्याद्री लागलं.

खोटं सांगत नाही, आपल्याकडच्या मुसळधार पावसात चित्र जाणारच. पण ते पैसे भरलेल्या डिशचंही जातं. आणि ओल्या पत्र्यावर चढू नका, हे काम पावसाळ्याआधी उरकायचं.

आता मुद्दा. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने बिंड योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या भागांत आठ लाखांहून जास्त फ्री डिश बॉक्स मोफत द्यायचं त्यात ठरलं. चांगलं आहे. पण नुसत्या बॉक्सने टीव्ही लागत नाही, डिश वळवणारा माणूस लागतो. तो गावात नाही, म्हणून कुणीही येतो आणि डोंगराचं कारण सांगून नवीन डिश गळ्यात मारतो.

पहिली ते बारावीचे पीएम ई-विद्याचे चॅनल याच डिशवर फुकट आहेत. नाणे मावळ, अंदर मावळातल्या ज्या ठाकर-कातकरी वाड्यांवर मोबाईलला रेंज नाही, तिथल्या पोरांना याचा उपयोग नाही का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या दोन पोरांना हे काम शिकवावं, एक सिग्नल मीटर घेऊन द्यावा आणि मजुरीचा दर पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. गणपतीच्या मांडवाला वर्गणी काढणाऱ्या मंडळांनाही हे जमेल. खर्च किरकोळ आहे.

तोवर कुणी डोंगराचं कारण सांगितलं, तर त्याला विचारा, "58 अंशावर कुठला डोंगर आहे, दाखव की!"