खैर शेताचा, काथ मात्र जंगलाचा!



कपाशी-ज्वारीच्या मुलखात बाभळीची थोरवी सांगावी लागत नाही. वखर, तिफण, गाडीचे चाक तिच्याच लाकडाचे. शेंगा शेळ्यांना, डिंक लाडवाला, काडी दाताला. तिचाच एक भाऊबंद म्हणजे खैर. त्याची हकीकत आज सांगायची, कारण ती आपलीही आहे.

ठाणे जिल्ह्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे आता एकमेकांना चिकटली. पण बदलापूर मागे टाकून डोंगराकडे निघाले की कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. काथ करणारे ते कातकरी. खैराचे वरचे पांढरे लाकूड तासून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, रस गाळून आटवायचा, थंड झाला की वड्या पाडायच्या. हा काथ विड्यात रंगे, तोंड आले की लावला जाई, त्यात बुडवलेली कोळ्यांची जाळी जास्त टिके. खैराचे मुसळ तर पिढ्यान्‌पिढ्या चाले.

एवढे कसब हाती असलेला माणूस उचल घेऊन वीटभट्टीवर का गेला? इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली. तिथल्या खैराला हात लावणे गुन्हा झाला. जमातीचे नाव राहिले, धंदा गेला.

हे जंगलातले झाले. बांधावरच्या खैराचे काय? १९२७ च्या भारतीय वन कायद्यात काथ हा वनोपजच आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो! महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतही खैर आहे. बांध आपला, राखण आपली. तोडायची वेळ आली की परवानगी साहेबाची. असे झाड कोण लावील?

आपण हे भोगले आहे. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली आणि स्वतःच्या रानातला कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरला. ती योजना गेली. खैराची बेडी तशीच आहे.

मोकळीक दिली तर जंगलातला खैर चोरीला जाईल, असे म्हणतात. मग शेतातल्या झाडांची सातबाऱ्यावर नोंद करा. चोर कोण ते कागदच सांगेल. २०१७ साली केंद्राने बांबूला 'झाडा'च्या व्याख्येतून वगळले, शेतातला बांबू मोकळा झाला. जे बांबूला चालते ते खैराला का चालू नये?

जिल्हा बैठकीत एवढेच मागा: शेतातला खैर हे शेतकऱ्याचे पीक, त्याचा काथ हा शेतमाल. जंगल राखायचे तर आधी झाड लावणाऱ्याला चोर समजणे सोडा.