'बुडून मृत्यू' म्हणजे नेमकं काय?

'समुद्राने घेतले बळी' असं शीर्षक मी स्वतः कितीदा दिलंय. आज त्याची लाज वाटते.

१७ जुलै १९४७. रेवसला निघालेली 'रामदास' लाटेने कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता.

मे २०२१, तौक्ते वादळ. २६१ जणांना घेऊन उभ्या 'पी-३०५' बार्जचे नांगर सुटले. कित्येक जण लाईफ जॅकेट अंगात असूनही तासन्‌तास लाटा खात गेले. वादळाचा इशारा तर आधीच मिळाला होता!

१८ डिसेंबर २०२४. घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. १५ मृत्यू.

कुणी कललेल्या बोटीखाली, कुणी दमून, कुणी धडकेने गेलं. आपल्या बातमीत मात्र सगळ्यांना एकच ओळ: बुडून मृत्यू. दोष समुद्रावर ढकलला की कुणाची खुर्ची हलत नाही.

गेल्या रविवारी लाँचने पलीकडे गेलो. जॅकेटं कोपऱ्यात दोरीने करकचून बांधलेली. मागितलं तर खलाशी म्हणाला, "काय पत्रकार, पोहता येत नाय?" सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो आणि गप्प बसलो.

आता नाही. जॅकेट अंगावर चढल्याशिवाय लाँचचा दोर सोडू द्यायचा नाही. मंडळी, तुम्हीही देऊ नका. हसू देत हसणाऱ्यांना.