साहस-खेळांचे वर्गीकरण: कसोटी कोणती?

कोणतीही वस्तू चुकीच्या खणात पडली की ती असून नसल्यासारखी होते, हे ग्रंथपालाला किंवा कचेरीतील कारकुनाला वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तक फाटलेले नसते, फाईल जळालेली नसते. परंतु मागणाऱ्याच्या हाती ती पडत नाही. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत हेच घडत आले आहे आणि ज्यांना ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणजे साहस-खेळ म्हणतात, त्यांच्या वाट्याला हा गोंधळ विशेष आला आहे. या एका नावाखाली तलवारबाजी सापडते, पोलिसी तपास सापडतो, निर्जन बेटावरील यंत्रांची कोडी सापडतात आणि रिकाम्या घरातून हिंडत एका कुटुंबाची कहाणी उलगडणारा खेळही सापडतो. मुलाच्या हाती काय द्यावे हे ठरवू पाहणाऱ्या पालकाला वा शिक्षकाला या नावापासून कोणता बोध व्हावा?

गोंधळाचे मूळ नावाच्या जन्मातच आहे. विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ हौशी गुहासंशोधकही होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहांचे नकाशे तयार करण्याच्या कामात त्याने भाग घेतला होता. घटस्फोटानंतर दुरावलेल्या आपल्या मुलींना रमविण्यासाठी त्याने १९७५-७६ च्या सुमारास एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. संगणक गुहेचे वर्णन शब्दांत करी आणि खेळणारा ‘दिवा घे’ अशा एकदोन शब्दांच्या आज्ञा टंकित करी. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्याचा विस्तार केला. या खेळाचे नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’. त्यासारखे जे जे पुढे निघाले त्या सर्वांना तेच नाव चिकटले. वनस्पती तुपाच्या प्रत्येक डब्याला आपल्याकडे ‘डालडा’ म्हणत, तसाच हा प्रकार. पुढे १९८० मध्ये वॉरन रॉबिनेटने अटारीच्या यंत्रासाठी त्याच नावाचा खेळ केला. स्फूर्ती मूळ शब्दखेळाचीच होती. पण टंकित आज्ञेच्या जागी जॉयस्टिक आली आणि नायकाला तलवार मिळाली. अशा रीतीने एकाच नावाचे दोन वंश सुरू झाले: एक विचाराचा, दुसरा हाताच्या चपळाईचा.

या पसाऱ्याला शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पहिली आणि सर्वांत रूढ पद्धत साधनावरून वर्ग पाडण्याची. केवळ शब्दांचे खेळ, ‘मिस्टरी हाउस’ (१९८०) सारखे स्थिर चित्रांचे खेळ, ‘किंग्ज क्वेस्ट’ (१९८४) सारखे पडद्यावर नायकाला चालविणारे खेळ आणि ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’ (१९८७) नंतर रुळलेले, पडद्यावरच्या वस्तूकडे निर्देश करून खेळायचे खेळ, अशी ही मांडणी आहे. इतिहासकाराला ती सोयीची आहे. परंतु नाटकांचे वर्गीकरण रंगमंचावरील दिव्यांवरून करण्यासारखीच ती आहे. दुसरी पद्धत विषयावरून वर्ग पाडण्याची. इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीने १९८० च्या दशकात आपल्या शब्दखेळांची अद्भुत, रहस्य, विज्ञानकथा अशी विभागणी केली आणि जोडीला काठिण्याची पायरीही सांगितली. यातील विषयविभागणी कादंबरीकडून उसनी घेतलेली आहे. कथा कशाची हे तिच्यावरून कळते. खेळणाऱ्याने करायचे काय, हे कळत नाही.

तिसरी पद्धत अधिक जाणती आहे. खेळाडूपुढे अडथळा कोणत्या जातीचा येतो, हे ती विचारते. ‘मिस्ट’ (१९९३) मध्ये अनोळखी यंत्रांचे नियम निरीक्षणाने शोधायचे असतात. जपानी रचनाकार युजी होरी यांच्या १९८३ च्या ‘पोर्टोपिया’ या खून-तपासाच्या खेळात प्रश्न विचारून माहिती काढायची असते. अन्य कित्येक खेळांत वस्तू गोळा करून त्यांचा योग्य जागी उपयोग करायचा असतो. ‘डिअर एस्थर’ (२०१२) किंवा ‘गॉन होम’ (२०१३) यांत तर कोडी जवळजवळ नाहीतच. पाहणे, वाचणे आणि अर्थ लावणे हाच खेळ. अशा खेळांना ‘चालण्याचा अभ्यास’ अशा अर्थाचे उपहासाचे नाव मिळाले. वर्ग तयार नसला की नवी वस्तू समजून घेण्याऐवजी तिची टवाळी होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

तथापि या तिन्ही पद्धतींतून एक प्रश्न निसटतो आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खेळणाऱ्याची चूक झाली तर खेळ त्याच्याशी कसा वागतो? १९९० साली निघालेले दोन खेळ शेजारी ठेवून पाहावेत: सिएराचा ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेतील पाचवा खेळ आणि लुकासफिल्मचा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. दोन्ही माउसने खेळता येतात, दोन्ही चित्रमय आहेत, दोन्हींत वस्तू जमवून कोडी सोडवायची आहेत. पहिल्या दोन पद्धतींनीही त्यांच्यात फारसे अंतर पडत नाही. परंतु पहिल्या खेळात मांजराच्या तावडीतून एका उंदराला वाचविण्याची क्षणभराची संधी येते. ती हुकली तर त्या वेळी काहीच बिघडल्याचे दिसत नाही. बऱ्याच वेळाने नायक दोरांनी बांधला जातो, ते दोर कुरतडायला तो उंदीर येत नाही आणि पुढचा मार्ग कायमचा खुंटतो. दुसऱ्या खेळात चुकीची किंमत थोडा वेळ आणि एखादा विनोद, एवढीच. त्याचा नायक मरतो तो पाण्याखाली दहा मिनिटे स्वस्थ बसून राहिल्यासच, आणि तीही एक थट्टाच आहे. खेळाडूला मारून शिकवू नये, अशी भूमिका त्याचे रचनाकार रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्येच लेख लिहून मांडली होती.

शिक्षकाला हा भेद चटकन उमगेल. वर्गात चुकलेल्या मुलाला पुन्हा प्रयत्न करू देणारा एक गुरुजी असतो आणि जूनमधील चूक मार्चच्या निकालपत्रात दाखविणारा दुसरा असतो. दोघांचा विषय एक, पुस्तक एक, खडू-फळाही एकच. परंतु मुलाच्या मनावर उमटणारा ठसा मात्र एक नाही. पहिल्या खेळात मुलगा धीटपणे शोध घेऊ लागेल. दुसऱ्यात तो भीतभीत पाऊल टाकील आणि पावलोपावली खेळ जतन करून ठेवील. हा फरक वेष्टनावर कोठेही छापलेला नसतो.

यावर असा आक्षेप येईल की मृत्यूच नसेल तर साहस कसले? आक्षेप रास्त आहे. धोक्याची चव ज्यांना आवडते त्यांना ती मिळावी. कठोर खेळ वाईट आणि सौम्य तो चांगला, असा निवाडा आम्ही करीत नाही. आमची मागणी एवढीच की घेणाऱ्याला ते आधी कळावे.

त्यासाठी नवा खण करण्याची गरज नाही. एकाच खणाचा हट्ट सोडला पाहिजे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये आपल्या द्विबिंदू वर्गीकरणातून हा मार्ग दाखविला आहे. ग्रंथाला एकाच कप्प्यात न कोंबता त्याचे निरनिराळे पैलू नोंदवावेत आणि त्यांच्या जोडणीतून त्याचे स्थान ठरवावे, हे त्यांच्या पद्धतीचे सार. साहस-खेळाचेही चार पैलू नोंदविता येतील: संवादाचे साधन, कथेचा विषय, अडथळ्याची जात आणि चुकीची किंमत. पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा पौराणिक वातावरणातील खेळ घ्या. त्याच्यावर ‘अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर’ अशी मोघम चिठ्ठी असते. त्याऐवजी ‘भर शस्त्रयुद्धावर आणि चढण्या-उड्यांवर, कोडी दुय्यम’ एवढे लिहिले तरी पालकाचे निम्मे काम होईल.

वर्गीकरण हे नेहमी कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असते. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे भेद केले. जुगाराला आळा घालू पाहणाऱ्या शासनाचा प्रश्न पैशाचा, म्हणून त्याची कसोटीही पैशाची. त्यात वावगे काही नाही. दुकानदाराचा प्रश्न विक्रीचा असतो. आपला प्रश्न मात्र मुलाच्या बुद्धीचा आणि धैर्याचा आहे, आणि तो आपल्या वतीने दुसरे कोणी विचारणार नाही. घरात मूल पडद्यासमोर बसलेले दिसले की ‘पुन्हा गेम?’ एवढ्या दोन शब्दांत आपण सारे वर्गीकरण उरकतो. त्याऐवजी क्षणभर शेजारी बसून ‘येथे चुकले तर काय होते?’ असे विचारून पाहावे. मिळणाऱ्या उत्तरातून खेळाची जात कळेल, आणि कदाचित मुलाचीही थोडी अधिक ओळख होईल.