राधानगरीची वीज कुणाच्या घरात?

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. वीजगृहाची दखल मात्र एका ओळीत उरकली जाते : वीजगृहातून इतके क्युसेक विसर्ग. त्या एका ओळीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधत आहोत.

भोगावतीवरील हे धरण ही राजर्षी शाहू महाराजांची दूरदृष्टी. १९०९ च्या सुमारास काम सुरू झाले, पैशाअभावी रखडले. महाराज १९२२ साली गेले आणि धरण पुरे व्हायला १९५० चे दशक उजाडले. त्याच दशकात १.२ मेगावॅटचे चार संच बसले. एकूण ४.८ मेगावॅट. कोयनेच्या १,९६० मेगावॅटपुढे कुणीही हसेल. पण हिशेब करा. चारही संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर दिवसाला १ लाख १५ हजार २०० युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी चौतीस हजार घरे त्यात उजळतात! बारमाही एवढी वीज मिळत नाही, सारा खेळ पाण्याचा, हे खरे. पण शेतीसाठी सोडायचेच ते पाणी जाता जाता चक्र फिरवते. कोळसा नाही, राख नाही.

१९२० साली माणगाव परिषदेत महाराजांनी ज्यांना बहिष्कृतांचे पुढारी म्हणून गौरवले, त्या बाबासाहेबांकडे १९४२ ते ४६ या काळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीजही होती. स्वस्त व मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत, उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची मांडणी. म्हणून वीज सरकारच्या हाती हवी. राज्यकर्त्यांनी २००५ साली छोटे जलविद्युत प्रकल्प खासगी गुंतवणुकीला खुले केले.

आणि एप्रिल २०२१ मध्ये बाबासाहेबांच्याच नावाने, ५०० रुपये अनामतीवर अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना जोडणी देण्याची योजना महावितरणला काढावी लागली. योजनेचे आम्ही स्वागतच केले पाहिजे. पण स्वातंत्र्याला त्र्याहत्तर वर्षे उलटल्यावरही ती काढावी लागते, याचा अर्थ काय?

अमुक युनिट अमुक घरी गेले असे सांगता येत नाही, सारी वीज एकत्र मिसळते, असे अभियंते म्हणतील. मान्य. मग निदान दोन आकडे एका फलकावर लावा : वीजगृहाने वर्षभरात किती युनिट निर्माण केले आणि तालुक्यातील बौद्धवाड्यांत, धनगरवाड्यांत किती घरांना आजही मीटर नाही. २६ जूनला शाहू जयंतीची भाषणे होतीलच. त्याआधी १ मेच्या ग्रामसभेत राधानगरी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा आणि त्याची नक्कल आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती छापू.