वयाची अट शिथिल नको

कडक दारूसाठी २५ आणि बिअरसाठी २१ ही राज्याची वयोमर्यादा खाली आणावी, गोव्यात १८ चालते तर इथे का नाही, असा युक्तिवाद होतो. गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदीच आहे. त्यामुळे जिल्ह्यातल्या धानोऱ्यात परवान्याचे दुकानच नाही. चोरून विकणारा पोराचे वय विचारत नाही, हे खरे. पण अवैध विक्री वाढल्याचे कारण देत चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली, तोच न्याय वयाला लावणे आम्हाला साफ अमान्य आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. त्यामुळे आदिवासींच्या पूजेतल्या मोहाच्या दारूचे काय, ते गाव ठरवील. पण अवैध दारूच्या अड्ड्याविरुद्ध बायकांची तक्रार आली, की पोलिसांनी त्याच दिवशी धाड घालावी.