कुलूप आणि किल्ली

युद्धात माणसे मरतात, गावे बेचिराख होतात, हे इतिहास सांगतो. पण युद्धात मंडळेही मरतात, याची दखल फारशी कोणी घेत नाही. तरुण सभासद एकामागून एक निघून जातात, वर्गणी थांबते, सभेला गणपूर्ती होत नाही आणि एक दिवस दाराला कुलूप लागते. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहते, यावर संस्थेचे पुढचे आयुष्य ठरते. अमेरिकेतील कॉलेजांमधल्या ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या बंधुमंडळांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

आपल्याकडे याला नेमकी जोड नाही. ग्रीक अक्षरांची नावे, गुप्त दीक्षाविधी, छातीवर बिल्ला, एकत्र राहायला घर आणि गावोगावच्या कॉलेजांत शाखा, असा हा प्रकार. दर चार वर्षांनी जवळजवळ सगळे सभासद बदलणार! अशा संस्थेला युद्धाचा धक्का सर्वांत आधी बसतो; कारण सैन्याला जे वय हवे असते, तेच तिच्या सभासदांचे असते.

पहिला धडा पहिल्याच मंडळाचा. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन झाले. पुढे ते गुणवंतांचा सन्मान करणारी संस्था झाले, पण आरंभी ते विद्यार्थ्यांचे गुप्त मंडळच होते. स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. १७८१ मध्ये इंग्रज फौजा जवळ आल्या आणि मूळ शाखा बंद पडली. मात्र त्याआधीच, १७७९ मध्ये, हार्वर्ड व येल येथे शाखा काढण्याच्या सनदा दिल्या गेल्या होत्या. मूळ झाड वठले, पण कलमे जगली. ती मूळ शाखा १८५१ मध्ये पुन्हा सुरू झाली, यादवी युद्धात पुन्हा बंद पडली आणि १८९३ मध्ये परत उघडली.

त्याच यादवी युद्धात दक्षिणेकडची कॉलेजे ओस पडली. ‘सिग्मा काय’ हे मंडळ १८५५ मध्ये ओहायो राज्यात, म्हणजे उत्तरेकडे, स्थापन झालेले. दक्षिणेतील शाखांचा त्याच्याशी संबंध तुटला. तेव्हा १७ सप्टेंबर १८६४ रोजी अटलांटाजवळच्या छावणीत हॅरी सेंट जॉन डिक्सन आणि त्याच्या काही सोबत्यांनी ‘कॉन्स्टंटाइन’ नावाची शाखा काढली. कॉलेज नाही, घर नाही. आहे ते एवढेच, की आपले मंडळ दक्षिणेत नामशेष होऊ नये. ही निष्ठा मनाला भिडते. पण ज्या सैन्यात हे तरुण होते ते गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांसाठी लढत होते, हेही विसरून चालणार नाही.

गोऱ्यांच्या मंडळांची दारे बंद, म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपली मंडळे काढली. त्यांतले ‘ओमेगा साय फाय’ १९११ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात जन्मले. १९१७ मध्ये आयोवा राज्यातील फोर्ट डे मॉइन येथे कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा या मंडळाने तिथेच आपली ‘युद्धशाखा’ उघडली. सभासद जिथे, तिथे शाखा.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अधिक जवळची वाटते. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय २० वरून १८ वर आले आणि मंडळांची घरे रिकामी झाली. पण माणसे रणांगणावर गेली म्हणून कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, घरपट्टीही थांबत नाही. इथे माजी विद्यार्थी कामाला आले. पुष्कळ ठिकाणी घराची मालकी त्यांच्या विश्वस्त संस्थेकडे होती. त्यांनी घरे कॉलेजांना भाड्याने दिली आणि त्यांत लष्कराचे प्रशिक्षणार्थी राहू लागले. नौदलाची एकटी ‘व्ही-१२’ योजनाच १ जुलै १९४३ पासून १३१ कॉलेजांत चालली. घरे अशी हाती राहिली, आणि सभासदांच्या खबरबाती देणारी पत्रके दूरच्या आघाड्यांवर जात राहिली. पुढे १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळाला. १९४७ मध्ये कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. बंद दारे धडाधड उघडली.

घर जपले, नाव जपले. पण त्यांबरोबर आणखी काय जपले गेले? अनेक मंडळांच्या घटनेत कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना मज्जाव होता. ते कलमही तिजोरीत सुखरूप राहिले होते. १९४८ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातील ‘फाय कॅपा साय’च्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचे ठरवले, तर मध्यवर्ती संस्थेने त्या शाखेलाच बाहेर काढले. वंशश्रेष्ठत्वाच्या राजवटीशी लढून देश नुकताच जिंकला होता!

वाचनालय असो, तालीम असो की नाट्यमंडळ, वाईट काळात संस्था टिकवण्याची रीत या इतिहासात आहे: शाखा वेळेवर पसराव्यात, कागदपत्रे एकाच जागी ठेवू नयेत, मालमत्ता शहाण्या वडीलधाऱ्यांच्या हाती असावी, दूर गेलेल्यांना पत्र जात राहावे. एवढ्याने दार पुन्हा उघडेल. मात्र ते कोणाकोणासाठी उघडायचे, हे किल्ली सांभाळणाऱ्यांनी ठरवून चालणार नाही. ते परत येणाऱ्या तरुणांना ठरवू द्यावे. अ‍ॅमहर्स्टच्या मुलांना ते चांगले कळले होते.